स्वस्त घर स्वस्त का असतं?

आम्ही दोघं नवरा-बायको चौदा महिने घर शोधत होतो. माझं ऑफिस फोर्टला, तिचं ठाण्यात. रविवार उजाडला की पोळी-भाजीचा डबा घ्यायचा, एखाद्या स्टेशनवर उतरायचं आणि एजंटच्या मागे जिने चढायचे. एका रविवारी कल्याणजवळच्या एका गावात नव्या इमारतीतलं वन बीएचके पाहिलं. लिफ्ट, स्वच्छ जिना, खिडकीतून दिसणारा हिरवा डोंगर. किंमत २२ लाख. त्याच रस्त्यावर पलीकडच्या इमारतीत जवळपास तेवढंच घर ३८ लाखांना होतं. बायकोने विचारलं, "दादा, हे एवढं स्वस्त का?" एजंट म्हणाला, "बिल्डरला पैशांची नड आहे, ताई."

आठवडाभरात बँकेतून कळलं की त्या इमारतीला बांधकामाची परवानगीच नव्हती.

त्यानंतर प्रत्येक घरापाशी आम्ही तोच प्रश्न विचारत राहिलो: स्वस्त का? मुंबईच्या आसपास कुणी उगाच दहा-पंधरा लाख सोडत नाही. घर लांब असतं, किंवा पाण्याची बोंब असते, किंवा इमारत जुनी असते, किंवा अजून बांधून व्हायची असते, किंवा कागद धड नसतात. यातल्या पहिल्या चार गोष्टींचा हिशेब करता येतो आणि झेपलं तर त्या सोसताही येतात. कागदांचं तसं नाही.

आधी हातातली रोकड

बहुतेक जण हप्त्यापासून सुरुवात करतात. महिन्याला घरात ७०,००० येत असतील तर २६,००० चा हप्ता निघेल, असा विचार होतो. साडेआठ टक्के व्याजाने, २० वर्षांसाठी, ३० लाखांच्या कर्जाला साधारण तेवढाच हप्ता बसतो. अडचण वेगळीकडेच येते. बँक घराच्या पूर्ण किमतीवर कर्ज देत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जात किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के मिळतात, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्के, त्यापुढे ७५. ही कमाल मर्यादा आहे. प्रत्यक्षात पगार, वय आणि इमारत बघून बँक कमीही देते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च सहसा या किमतीत धरत नाहीत, तो आपणच उभा करायचा.

कल्याण-डोंबिवलीतलं ३८ लाखांचं नवं घर धरा. कर्ज ३० लाख, म्हणजे ८ लाख आपले. मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे २ लाख ६६ हजार. नोंदणी शुल्क १ टक्का, पण त्याला ३०,००० ची कमाल मर्यादा आहे, म्हणून ३०,०००. बांधकाम चालू असेल तर जीएसटी. घराची किंमत ४५ लाखांच्या आत आणि कार्पेट ६० चौरस मीटरच्या, म्हणजे सुमारे ६४५ चौरस फुटांच्या आत असेल तर तो १ टक्का, नाहीतर ५ टक्के. आपल्या उदाहरणात ३८,०००. एवढ्यातच बेरीज ११ लाख ३४ हजारांवर गेली. वकील, कर्जाची प्रोसेसिंग फी, सोसायटीचा आगाऊ मेंटेनन्स, ग्रिल, पंखे, सामानाचा टेम्पो अजून बाजूलाच आहेत. म्हणून "८ लाख जमवलेत" म्हणणाऱ्याला ३८ लाखांचं घर परवडत नाही. हे आम्हाला सहाव्या महिन्यात समजलं आणि त्या रात्री दोघांनाही झोप आली नाही.

दोन ठिकाणी पैसे वाचतात. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. नवऱ्याचं नाव जोडलं की ती जाते. आणि इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, मिळालेल्या तयार घरावर जीएसटी नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी २.० टप्प्यात व्याज अनुदान आहे, कमाल १ लाख ८० हजार, तेही पाच वार्षिक हप्त्यांत. पण त्यासाठी घराची किंमत ३५ लाखांच्या आत, कर्ज २५ लाखांच्या आत आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांच्या आत हवं. बसत असेल तर जरूर घ्या. त्याच्या भरवशावर घराची रक्कम मात्र वाढवू नका.

किमतीची तुलना करताना कार्पेटवरच करा. कार्पेट म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा. रेरा या घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठीच्या कायद्यात त्यात आतल्या भिंती धरतात; बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि डक्ट धरत नाहीत. रिसेलमध्ये एजंट अजूनही सुपर बिल्टअप, म्हणजे भिंती, जिना, लिफ्टची जागाही धरलेलं क्षेत्र, सांगतात. "साडेसहाशे फूट, ३८ लाख" ऐकलं की फुटाला ५,८०० वाटतात. टेप लावून आत ४१० फूट निघाले तर तोच दर ९,२०० च्या वर गेला. आम्ही टेप पिशवीतच ठेवायचो. सुरुवातीला लाज वाटायची, नंतर नाही.

आणखी एक साधन अगदी फुकट आहे आणि फार कमी लोक वापरतात. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे. तिथे गाव आणि सर्व्हे किंवा गट क्रमांक टाकून त्या जागेवर झालेल्या व्यवहारांची सूची क्रमांक २, म्हणजे ज्याला सगळे इंडेक्स-टू म्हणतात, ती बघता येते. त्याच इमारतीत गेल्या वर्षी घर कितीला नोंदलं गेलं हे तिथे लिहिलेलं असतं. एजंटचं "इथे चाळीसच्या खाली काही नाही" तिथे एका मिनिटात तपासता येतं.

लांब म्हणजे नेमकं किती?

आपल्याकडे अंतर किलोमीटरमध्ये मोजून भागत नाही. सीएसएमटीपासून कल्याण ५४ किलोमीटर, बदलापूर ६८, कर्जत १००. पश्चिमेला चर्चगेट ते विरार ६०. पण जगणं ठरतं गाड्यांच्या संख्येवर.

कल्याणला मध्य रेल्वेची वाट फुटते. एक कर्जतकडे, दुसरी कसाऱ्याकडे. कल्याणपर्यंत गाड्यांचा जो ओघ असतो तो तिथे दोन फांद्यांत वाटला जातो. अंबरनाथ आणि बदलापूरपर्यंत त्यांच्या स्वतःच्या लोकल आहेत, म्हणून बरं आहे. पुढे वांगणी, शेलू, नेरळला फक्त कर्जत-खोपोलीच्या गाड्या. शेलूचं घर बदलापूरपेक्षा स्वस्त मिळतं याचं मोठं कारण हेच. तिथे एक गाडी चुकली तर पुढची लगेच येत नाही. विरारच्या पुढेही तीच गत. विरार-डहाणू पट्ट्यात लोकल २०१३ मध्ये सुरू झाली, पण तिथे दोनच रूळ आणि त्यांवरूनच लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या धावतात, त्यामुळे लोकल वाढवायला जागा नाही. चौपदरीकरणाचं काम चालू आहे. ते झालं की सफाळे, पालघर, बोईसरची गणितं बदलतील.

जिथून गाडी सुटते त्या स्टेशनला वेगळं मोल आहे. बदलापूर, अंबरनाथ, टिटवाळा, डोंबिवली, विरार, पनवेल. सुटणारी गाडी म्हणजे बसायला जागा मिळण्याची शक्यता. जास्त अंतर बसून जाणं आणि कमी अंतर दारात लोंबकळत जाणं यात मी बसून जाणं निवडेन. ९ जून २०२५ ला सकाळी मुंब्रा-दिवा दरम्यानच्या वळणावर दोन लोकल एकमेकींजवळून जाताना दारातले प्रवासी खाली पडले आणि त्या दिवशी चौघं गेले. तेही आपल्यासारखेच कामाला निघाले होते. घर शोधताना गर्दीचा विचार सोयीचा म्हणून करू नका, जिवाचा म्हणून करा.

आम्ही शेवटी एक पद्धत ठरवली. घर आवडलं तर एक दिवस रजा टाकायची आणि सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी त्याच इमारतीच्या फाटकापासून ऑफिसच्या टेबलापर्यंत घड्याळ लावून जायचं. संध्याकाळी परत तसंच यायचं. "स्टेशनपासून सात मिनिटं" ही बहुतेक वेळा रविवारी दुपारी मोटारसायकलवरची सात मिनिटं असतात. संध्याकाळी साडेसातला शेअर रिक्षाच्या रांगेतच वीस मिनिटं जातात, पावसात तर विचारूच नका. आमचं एका घराचं अंतर टेबलापर्यंत ७५ मिनिटं निघालं आणि पाच लाखांनी स्वस्त असलेल्या दुसऱ्याचं १२५ मिनिटं. फरक ५० मिनिटांचा, पण जाऊन-येऊन, महिन्याचे २५ दिवस, वर्षाचे बारा महिने केले तर ५०० तास होतात. आठ तासांचा दिवस धरला तर दोन महिन्यांहून जास्त कामाचे दिवस. शिवाय दोघांच्या शेअर रिक्षाचे रोजचे पैसे. पाच लाखांसाठी ते द्यायचे का, हे प्रत्येक घराने आपलं आपण ठरवावं. लहान मूल असेल तर उत्तर वेगळं येतं. आमचं तसंच झालं.

पुढे काय होणार आहे, यावर घर विकणारे बरेच. मेट्रो येणार, विमानतळ येणार, नवी लाईन येणार. येतातही, पण उशिराने. बेलापूर-पेंधर मेट्रोचं भूमिपूजन २०११ मध्ये झालं आणि ती नोव्हेंबर २०२३ मध्ये धावली. उरणच्या दिशेची लोकल खारकोपरपर्यंत २०१८ ला आली आणि उरणला २०२४ च्या जानेवारीत पोचली. नवी मुंबई विमानतळाचं भूमिपूजन २०१८ मध्ये, उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये. याच मेट्रोच्या वाटेवरच्या तळोज्याला तिच्या आशेने घर घेणाऱ्यांनी दहा-बारा वर्षं रिक्षा आणि बसवर काढली. म्हणून आज जी गाडी आहे तिच्यावर घर झेपतंय का ते बघा. पनवेल-कर्जत नवी लाईन झाली तर चांगलंच. पण हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू होतो.

कागद

इथे मी जरा थांबणार आहे, कारण आयुष्याची कमाई इथेच बुडते.

डोंबिवलीतल्या ६५ इमारतींची गोष्ट सगळ्यांनी वाचलेली आहे, पण तिचा धडा नीट समजून घ्यायला हवा. तिथे महापालिकेच्या बांधकाम परवानग्या बनावट तयार केल्या गेल्या. त्या बनावट कागदांवर महारेराची, म्हणजे रेरा कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी मिळवली. नोंदणी क्रमांक बघून लोकांनी घरं घेतली, कर्जं काढली. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडायचा आदेश दिला. नालासोपाऱ्यात २०२४ च्या अखेरीपासून २०२५ च्या सुरुवातीपर्यंत ४१ इमारती पाडल्या गेल्या. ती जमीन डम्पिंग ग्राउंड आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रासाठी राखीव होती. तिथे राहणारी माणसं गुन्हेगार नव्हती. शाळेची दप्तरं, गॅस सिलिंडर, देवघर रस्त्यावर मांडून बसलेली कुटुंबं होती ती.

मग महारेरा क्रमांकाला अर्थ नाही का? आहे, आणि बराच आहे. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरचे किंवा आठपर्यंत घरांचे प्रकल्प सोडले तर नव्या प्रकल्पाला नोंदणी सक्तीची आहे. जाहिरातीवर क्रमांक आणि क्यूआर कोड असावा लागतो. तो स्कॅन केला की पझेशनची मूळ तारीख, ती किती वेळा पुढे ढकलली, किती घरं बुक झाली, जमिनीवर बोजा किंवा दावा आहे का, हे दिसतं. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवून त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर आणि बांधकामावर खर्च करायचे, असं बंधन आहे. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डर १० टक्क्यांहून जास्त पैसे घेऊ शकत नाही. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर तो त्याने स्वखर्चाने दुरुस्त करायचा. पण महारेराकडे असतात ते बिल्डरने दाखल केलेले कागद. म्हणून त्यातल्या बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राचा, म्हणजे सीसीचा, क्रमांक आणि तारीख उतरवून घ्यायची आणि जिथून ती दिली गेली तिथेच जाऊन विचारायचं: ही परवानगी तुम्ही दिलीत का, आणि किती मजल्यांना?

"तिथे" म्हणजे कुठे, हेही आधी बघावं लागतं. कुठे महापालिका, कुठे नगरपरिषद, पनवेलच्या आसपास विमानतळ प्रभावित क्षेत्रात सिडको, कुठे एमएमआरडीए, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, किंवा जिल्हाधिकारी. "ग्रामपंचायतीची परवानगी आहे" असं सात मजली इमारतीबद्दल कुणी सांगितलं की तिथून निघा. आम्ही दोनदा निघालो.

सगळ्यात सोपी चाचणी बँक करून देते. मोठ्या सरकारी बँकेत अर्ज टाका. त्यांचे वकील सातबारा, अकृषिक आदेश, तीस वर्षांचा टायटल सर्च म्हणजे मालकीचा शोध, मंजूर नकाशा बघतात. एजंट म्हणाला की इथे फक्त अमुक एका फायनान्स कंपनीचंच कर्ज होतं, किंवा "तुम्ही रोख द्या, कमी करून देतो", तर घर स्वस्त का आहे याचं उत्तर मिळालं. बँकेने हो म्हटलं म्हणून मात्र डोळे मिटू नका; डोंबिवलीतल्या त्या इमारतींतल्या घरांवरही कर्जं झाली होती. चार-पाच हजार रुपये खर्चून आपला वकील लावा, बिल्डरने सुचवलेला नको.

आता ओसी, भोगवटा प्रमाणपत्र. इमारत मंजूर नकाशाप्रमाणे बांधली आणि राहायला योग्य आहे, असा तो दाखला. वसई-विरार, डोंबिवली, अंबरनाथच्या वीस-पंचवीस वर्षांच्या कितीतरी इमारतींना तो नाही आणि तिथे हजारो कुटुंबं राहतात. काही ठिकाणी बांधकाम परवानगीचं आहे, फक्त शेवटचं प्रमाणपत्र अडकलंय. काही ठिकाणी पाच मजल्यांची परवानगी आणि सात मजले उभे आहेत. दोन्हीला एजंट एकच वाक्य वापरतो, "ओसी प्रोसेसमध्ये आहे." त्या दोघांतला फरक मंजूर नकाशा उघडूनच कळतो. आपलं घर नकाशात असलेल्या मजल्यावर आहे का, एवढं तरी बघाच. विरारला ऑगस्ट २०२५ मध्ये कोसळलेली अनधिकृत इमारत २०१२ च्या सुमाराला बांधलेली होती. तेराच वर्षं झाली होती, आणि १७ माणसं गेली.

पाणी, पूर आणि जुन्या इमारती

पाण्याचं बिल्डरला विचारू नका. मे महिन्यात जा, वॉचमनला विचारा, तळमजल्यावरच्या काकूंना विचारा. नळ किती वाजता येतो, टँकर महिन्याला किती लागतात, मेंटेनन्स किती येतो. टँकरवर चालणाऱ्या सोसायटीचा मेंटेनन्स हा दुसरा हप्ताच असतो. बोअरचं पाणी असेल तर भांड्यावर पांढरा थर बसतो का तेही बघा.

बदलापूर, वांगणीकडे उल्हास नदीजवळ घर बघत असाल तर पुराची रेषा विचारा. निळ्या रेषेच्या आत, म्हणजे साधारण २५ वर्षांत एकदा पाणी जिथवर येतं तिथे, बांधकामाला मनाई असते. निळी आणि त्याहून मोठ्या पुराची लाल रेषा यांच्यामध्ये अटींवर परवानगी मिळते. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून जास्त प्रवासी बोटींतून बाहेर काढावे लागले. त्याच पावसात नदीकाठच्या सोसायट्यांच्या तळमजल्यांचं काय झालं ते तिथले लोक सांगतील. पार्किंगच्या भिंतीवर पाण्याची खूणही कधीकधी दिसते.

माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक स्वस्ताई जुन्या चार मजली, बिनलिफ्टच्या इमारतींत आहे. स्टेशनपासून चालत दहा मिनिटं, तिसरा-चौथा मजला, सोसायटी नोंदलेली, माणसं ओळखीची. लिफ्ट नाही म्हणून किंमत उतरते आणि ते कारण डोळ्यांना दिसतं. पाय चांगले असतील तर ते सोसता येतं. सोबत आईवडील राहणार असतील तर नाही. तिथे तीन गोष्टी मागा: शेवटचा स्ट्रक्चरल ऑडिट अहवाल, सोसायटीच्या नावावर जमिनीचं अभिहस्तांतरण म्हणजे कन्व्हेयन्स झालंय का, आणि विकणाऱ्याची थकबाकी नसल्याचं पत्र. ऑडिट १५ ते ३० वर्षांच्या इमारतीला पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीला तीन वर्षांतून एकदा करायचं असतं. कन्व्हेयन्स नसेल तर उद्या पुनर्विकासाच्या वेळी जमिनीचा मूळ मालक समोर उभा राहतो. अशा घरांना बँक कर्ज कमी वर्षांचं देते, म्हणून हप्ता आधीच विचारून घ्या.

म्हाडा आणि सिडकोची सोडत

या सरकारी संस्था सोडतीने घरं देतात, तिथे अर्ज जरूर भरा. मुंबई महानगरात अत्यल्प गटाची उत्पन्नमर्यादा वर्षाला ६ लाख आणि अल्प गटाची ९ लाख आहे, पती-पत्नीचं मिळून. कोकण मंडळाच्या सोडतीत २० टक्के योजनेतली घरं निघतात, ती विशेष बघा. मोठ्या भूखंडावर बांधणाऱ्या खाजगी बिल्डरला पाचवा हिस्सा लहान घरांसाठी ठेवावा लागतो आणि ती घरं सोडतीतून जातात; ठाण्या-कल्याणच्या मोक्याच्या जागी बाजारापेक्षा बरीच कमी किंमत असते. अर्ज खूप, घरं मोजकी. दुसरीकडे विरार-बोळींजला पाण्याच्या प्रश्नामुळे आणि किमतीमुळे म्हाडाची हजारो घरं वर्षानुवर्षं पडून होती. सूर्या प्रकल्पाचं पाणी आल्यावर, आणि सोडतीऐवजी प्रथम येणाऱ्याला प्राधान्य दिल्यावर, ती उठू लागली. सरकारी घर म्हटल्यावर कागदाची काळजी मिटते. घड्याळ लावून प्रवास आणि मे महिन्यातलं पाणी मात्र तिथेही तपासावंच लागतं.

आम्ही शेवटी अंबरनाथ पूर्वेला घर घेतलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, इमारत २१ वर्षांची, कार्पेट ३९० फूट. टोकन देताना पावतीवर एक ओळ लिहून घेतली होती, "बँकेचं कर्ज नामंजूर झाल्यास किंवा मालकी हक्कात दोष निघाल्यास पूर्ण रक्कम परत." मालक जरा कुरकुरले, पण त्यांनी सही केली. तुम्हीही ती ओळ सोडू नका. नोंदणी झाल्यावर इंडेक्स-टू ताब्यात घ्या, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर नाव चढवून घ्या, मालमत्ता कराच्या बिलावर आणि महावितरणच्या मीटरवर नाव बदला. मीटरचा अर्ज आम्ही आळसाने चार महिने लांबवला आणि तोवर बिल जुन्या मालकांच्या नावानेच येत राहिलं. पहिलं बिल आमच्या नावाने आलं तेव्हा बायकोने ते फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवलं. अजून तिथेच आहे.